नाडी नाही असं समजा

बाबा कोटाची बाही कापता कापता कात्रीसकट खाली कोसळले, तेव्हा दुकानात डॉक्टर हजर आहे हेच नशीब, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर म्हणजे त्यांचीच लेक, मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला. पदवी अजून हाती पडायची होती, पण गिऱ्हाइकं तिला केव्हापासून डॉक्टरीणबाई म्हणत आणि बाबांना ते ऐकायला फार आवडे.

तिने त्यांच्या मानेवर दोन बोटं टेकवली.

कॉलेजात हे एकदाच शिकवलं होतं. चाळीस मुलं आणि रबराचा एक पुतळा. सर म्हणाले, "नाडी नाही असं समजा, आणि लागा छाती दाबायला." सगळ्यांनी समजलं, पेपरात लिहिलं, पैकीच्या पैकी मिळवले. नाडी नसते तेव्हा बोटांना काय लागतं, हे मात्र कुणी पाहिलंच नव्हतं.

"आहे! नाडी आहे!"

रुग्णवाहिकेला फोन करणाऱ्या आईचा जीव भांड्यात पडला.

म्हातारा कारागीर मशीनवरून धावत आला, गुडघे टेकून बसला आणि त्याने बाबांच्या छातीवर तळहात ठेवले. आधीच्या कारखान्यात त्याला हे शिकवलं होतं. "पोरी, श्वास कुठाय?"

बाबांनी एक आचका दिला.

"हा काय घेतला! हात काढा, काका. नाडी चालू असताना दाबायचं नसतं."

शिकलेल्या पोरीपुढे तो बापडा काय बोलणार? त्याने हात काढले.

ती मोजत राहिली. मिनिटाला एकशे तीस, अगदी जोरदार. ओठ मात्र निळे पडत चालले होते. तिने तीच बोटं टेबलाच्या पायावर दाबून पाहिली. लाकडालाही नाडी होती, तिच्याच बोटांची. एकशे तीस.

"दाबा, काका! दाबा!" ती किंचाळली.

रुग्णवाहिका आली. छाती दाबायचं काम आता गाडीतल्या माणसाने हाती घेतलं. कारागीर घामाघूम होऊन बाजूला टेकला.

"दाबायला कधी लागलात?" त्या माणसाने विचारलं.

"लगेच," आई म्हणाली. "आमच्या घरातच डॉक्टर आहे हो."

कारागिराने मान खाली घातली. तो आपल्याला पाठीशी घालतोय, हे तिला सहन होईना.

"पाच मिनिटांनी," ती म्हणाली. "काकांनी लगेच हात ठेवले होते. मीच काढायला लावले."

आई तिला खेटून बसली होती. आई उठली आणि बाबांच्या पलीकडे, कारागिराजवळ जाऊन बसली.