मेजरबाई रुसत नाहीत

मेजरबाई पक्षात आल्या त्याच दिवशी अध्यक्षांच्या मनातून उतरल्या. बैठक ज्या वेळेला ठरली होती, त्या वेळेला त्या येऊन बसल्या होत्या. पक्षात असं कुणी करत नसे. टेबलावर पालथ्या घातलेल्या खुर्च्या त्यांनी स्वतः उतरवून ओळीत मांडल्या होत्या. यथावकाश नेतेमंडळी उगवली, आणि त्या ओळी बघून एकेकाचं तोंड कडू झालं. ओळीत बसायचं म्हणजे कोण पुढे नि कोण मागे, हे उघडं पडणार.

"फौज सोडून आलीय म्हणे," चिटणीस अध्यक्षांच्या कानाला लागला. "फौजेनंच सुटकेचा निःश्वास टाकला असेल."

पण वॉर्डातल्या लोकांना बाई आवडायच्या. पाण्याच्या टँकरपाशी त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी रांग सरळ व्हायची. तिकीट बाईंना दिलं तरच वॉर्ड हाती लागणार, हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं. अडचण घरची होती. बायकोला तिकीट आपल्या भावासाठी हवं होतं, आणि तिने जेवताना ताटं आपटायला सुरुवात केली होती. मेहुणा वाईट नव्हता. फक्त त्याला ओळखणारा कुणी त्याला मत देणं शक्य नव्हतं.

यावर पक्षात एक खात्रीचा उपाय होता. तिकीट तिथे मागून मिळत नसे, रुसून मिळे. आधी भलत्याचं नाव जाहीर व्हायचं. मग खरा उमेदवार फुगून घरी बसायचा, फोन बंद करायचा, अध्यक्ष लवाजमा घेऊन मनधरणीला जायचे, फोटो निघायचे आणि नाव बदलायचं. अध्यक्ष स्वतः असेच रुसत रुसत अध्यक्ष झाले होते. तेव्हा त्यांनी मेहुण्याचं नाव जाहीर करायचं ठरवलं. बाई रुसल्या की बायकोला सांगता येणार होतं, काय करू, पक्ष फुटायला आला.

बैठकीत नाव वाचून झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

रिवाजाप्रमाणे कुणी बोलायचं नसतं. बाई उठल्या. "सर, हा माणूस पडेल. वॉर्डात याला कुणी दारात उभं करत नाही. मला उभं केलंत तर मी निवडून येईन."

मेहुणा नखं बघू लागला. अध्यक्ष आतून खूश झाले. "निर्णय झालाय, बाई."

"ठीक आहे, सर. उद्यापासून याच्या प्रचाराला लागते."

आणि लागल्या. अध्यक्ष रोज सकाळी त्यांचा फोन लावून बघत. फोन रोज चालू असे.

चौथ्या-पाचव्या दिवशी मेहुणाच धापा टाकत आला. "भाऊजी, ही बाई मला पहाटे उठवते. काल म्हणते, लोक शिव्या देतील, त्या पूर्ण ऐकून घ्यायच्या. सोडवा मला."

"तिकीट तुला हवं होतं ना?"

"मला कुठे? ताईला हवं होतं."

अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. "तुम्हाला राग येत नाही का हो?"

"येतो, सर."

"मग दाखवा की."

"बैठकीत दाखवला. निर्णय होईपर्यंत भांडायचं, झाला की पाळायचा. आमच्याकडे तसंच असतं."

"तुमच्याकडे असेल. इथे आधी गप्प बसायचं आणि झाल्यावर भांडायचं. शेंबड्या पोराला कळतं हे." अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "घरी जा. फोन बंद करा. संध्याकाळी मी माणसं घेऊन येतो, तुमची समजूत काढतो. तिकीट तुमचं."

"म्हणजे पहिल्यापासून माझंच होतं?"

"मग काय तर."

"आणि मी घरोघर सांगत फिरले, माणूस चांगला आहे म्हणून."

"त्याला प्रचार म्हणतात."

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. "म्हणजे तो निर्णय नव्हता, सर. नाटक होतं. मग मी मोकळी," म्हणाल्या आणि तडक निघून गेल्या. अध्यक्षांनी फोन लावला. बंद होता.

"फुगली," ते चिटणिसाला म्हणाले. पोरगी सासरी सुखात आहे असं कळावं, तसे डोळे पाणावले होते.

संध्याकाळी लवाजमा बाईंच्या घरी पोचला. फोटोवाला बरोबर होता. उंबऱ्यात बाईंची सासू शेंगा सोलत बसली होती. सुनेचा गणवेश तिला कधी आवडला नव्हता, आणि ही मंडळी त्याहूनही नावडती होती.

"सूनबाई रुसल्यात ना?" अध्यक्षांनी हात जोडले. "समजूत काढायला आलोय."

"रुसायला सवड कुणाला आहे? दुपारी अपक्ष म्हणून अर्ज भरला. आता प्रचाराला गेलीय."

"अहो पण आम्ही तिकीट द्यायला आलोय."

"घेणार नाही म्हणाली. तुम्ही येणार, हेही म्हणाली होती. पाय मागे घ्या, शेंगांवर पडतोय."

अध्यक्षांचा फोन वाजला. बायको होती. "अहो, भावाचं नक्की ना? ऐन वेळी फिरवणार नाही ना तुम्ही?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले. "आता फिरवून द्यायला कुणी उरलं नाही."

फोन ठेवून ते वळले, तर चिटणीस सासूपाशी उकिडवा बसून शेंगा सोलू लागला होता. "काकू," तो हळूच विचारत होता, "बाई कुठल्या गल्लीत गेल्यात म्हणालात?"