मोजून तीन कोंबड्या

"तीन कोंबड्या," हिंमतराव म्हणाले. "मोजून तीन. चौथी पडली तर खोडता येत नाही."

"मग पडू द्या की एखादी जास्त," शेजारी बसलेले सुभेदार खंडेराव म्हणाले. "कोंबडीच आहे यार, तोफ नाही."

हिंमतरावांनी लक्ष दिलं नाही. दिल्लीत, द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत एक बाग होती. बाग म्हणजे चार बाक आणि 'घास पर न चलें' अशी पाटी. गवत पाटी लावायच्या आधीच गेलं होतं. त्यातल्या एका बाकावर हिंमतराव मांडीवर फोन ठेवून बसले होते. डाव्या हातात वहीचा एक कागद होता. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : सूर्य, एक. चहाचा कप, एक. भाताची वाटी, एक. कोंबडी, तीन. पिवळा चेहरा, हसरा, दात दिसणारा, एक.

त्यांनी एकेक चित्र शोधून दाबलं, कागदाशी ताडून पाहिलं आणि पाठवलं. मग खिशातल्या डायरीत नोंद केली : १७.०४, रवाना.

फोन त्यांच्या बायकोचा होता. सुनंदाबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. संदेश जात होता सुनंदाबाईंच्या आईला, सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या पुढे एका खेड्यात. आईचं नाव ठकूबाई, वय अठ्ठ्याऐंशी. मुलगी गेल्याचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

सांगणार तरी कसं, हाही प्रश्न होताच. ठकूबाईंना पंधरा वर्षांपासून काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोन बाद. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्र बाद. मग नातसून गिरिजाकडे चित्रांचा फोन आला. दिल्लीत केतननं, म्हणजे सुनंदाबाईंच्या मुलानं, आईला तसाच फोन दिला. आणि ह्या दोन बायकांनी बघता बघता एक भाषा बनवली. रोज संध्याकाळी पाच वाजता दोघी बोलायच्या. इकडून सूर्य आणि कप गेला की तिकडून म्हैस आणि पाऊस यायचा. व्हिडिओ कॉल अजून त्या फोनवर उगवायचा होता. कोणाला अर्थ विचारलाच तर सुनंदाबाई म्हणायच्या, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही शब्दांतली माणसं."

हे खरं होतं. हिंमतराव एकोणचाळीस वर्षं तारखात्यात होते. शब्द नाही तर तार नाही, हा तिथला नियम, आणि हिंमतरावांनी तो घरीही लागू केला होता. पिवळ्या चेहऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणाचे वडील वारल्याची बातमी आली आणि तिच्याखाली एकतीस जोडलेले हात आले, तेव्हा हिंमतरावांनी लिहिलं, "कृपया शोक शब्दांत व्यक्त करावा." त्यावर आणखी अकरा जोडलेले हात आले. हिंमतरावांनी ग्रुप सोडला. मंडळानं परत घेतलं. तेव्हा स्वागताला टाळ्या वाजवणारे हात आले, म्हणून त्यांनी पुन्हा सोडला.

मुलगा केतन गुडगावात बाविसाव्या मजल्यावर राहायचा आणि कशालाही उत्तर म्हणून अंगठा पाठवायचा. हिंमतरावांनी एकदा कळवलं, "आईचे कपडे आज आश्रमाला दिले. एक साडी ठेवली आहे." त्यावर अंगठा आला. हिंमतराव त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसले होते. त्याला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते केतनचं केतनलाच माहीत.

"एक सांगू?" खंडेराव म्हणाले. "तुमच्या तारघरात काय वेगळं होतं? माझ्या लग्नाला चाळीस तारा आल्या. सगळ्यांत मजकूर तोच. युनिटमधल्या पोरांनी नुसता नंबर सांगितला, आठ. आठ म्हणजे सुखी संसाराच्या शुभेच्छा. शंभर म्हणजे दुःखात सहभागी. तुम्ही आयुष्यभर आठ आणि शंभरच बडवले की. त्याला तोंड आणि दात काढले की झालं हे."

"नंबर जायचा. पोचायचे शब्द," हिंमतराव म्हणाले. "आणि पाठवणारा माणूस ओळखू यायचा. मी जॉइन झालो तेव्हा मोर्सवर काम चालायचं. नुसत्या टकटकीवरून सांगायचो आम्ही, नागपूरला आज हणमंत बसलाय, आणि बायकोशी भांडून आलाय. प्रत्येकाचा हात वेगळा. ह्या चेहऱ्यांना हात आहे का? कोणीही दाबलं तरी तेच दात."

"म्हणून तर तुमचं निभतंय," खंडेराव म्हणाले.

तेही खरं होतं.

हे रोज संदेश पाठवायचं ठरवलं होतं मेहुण्यानं, शांतारामनं. तेराव्याला दिल्लीला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, आईला सांगायचं नाही. डॉक्टर म्हणतात काळीज नावालाच राहिलंय. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर ताईच्या फोनवरून रोज काय जातं ते जाऊ द्या."

"मी? ती चित्रं?"

"शेवटचा मेसेज असेल की त्यात. तोच रोज पाठवा."

शेवटचा मेसेज होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा. हिंमतरावांनी तो कागदावर उतरवून घेतला. कोंबड्या कशासाठी हे त्यांना कळलं नाही, पण मजकुराचा अर्थ विचारणं हे तारबाबूचं काम नसतं. जूनच्या एक तारखेपासून त्यांनी एक दिवस खाडा केला नाही. दोन-चार महिने उलटले. डॉक्टरांनी मुदत दिलेल्या ठकूबाई खुटखुटीत झाल्या. दिवाळीत तर त्या शेतापर्यंत चालत गेल्या. हे शांतारामनं फोनवर इतक्या पडेल आवाजात सांगितलं, की हिंमतरावांना आधी वाटलं, आटोपलं.

तिकडून उत्तर रोज यायचं. म्हैस, चूल, कधी छत्री. हिंमतराव ते उघडायचे, बघायचे आणि डायरीत लिहायचे : प्राप्त.

जानेवारीत गिरिजाचा फोन आला.

"काका, आजी फोटो मागताहेत आत्यांचा. नवा."

"मागच्या महिन्यात पाठवला होता."

"तो तीन वर्षांपूर्वीचा होता हो. त्यातला माठ आता फुटलाय, हे आजींना ठाऊक आहे."

जुने फोटो संपले होते. शांताराम म्हणाला, आता सांगून टाकूया का? मग स्वतःच म्हणाला, नको, मी नाही सांगणार. खंडेरावांनी मात्र युद्धात मार्ग काढल्यासारखा मार्ग काढला. चौदा तारखेला मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला जाणार होती. काला अंबच्या स्मारकासमोर एका बाईला सुनंदाबाईंच्या साडीत पाठमोरं उभं करायचं. एवढा मोठा इतिहास समोर असताना माणूस कॅमेऱ्याला पाठ करणारच.

"हे नीच काम आहे," हिंमतराव म्हणाले.

"बिल्कुल," खंडेराव म्हणाले. "साडी इस्त्रीला टाका."

बाई मिळाली ती अलकनंदाबाई. पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, सुनंदाबाईंच्या मैत्रीण, उंची तेवढीच. पानिपतला पोचेपर्यंत धुकं इतकं होतं की स्मारक आहे हे पाटीवरून कळत होतं. लोकांनी घोषणा दिल्या, फुलं वाहिली, तिळगूळ वाटला. अलकनंदाबाई बसमध्ये जाऊन मोरपंखी इरकल नेसून आल्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते.

"दहा वर्षं मागत होते मी ही साडी तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "म्हणायची, मेल्यावर घे. मला हे पटलेलं नाही, सांगून ठेवते. कुठं उभी राहू?"

खंडेरावांनी त्यांना काळ्या खांबाकडे तोंड करून उभं केलं. हिंमतरावांनी फोन वर धरला. चौकोनात धुकं होतं, खांब होता आणि मोरपंखी इरकल होती. डाव्या खांद्यावरून पदर पुढं घेतलेला. मानेवर करडा अंबाडा.

"झालं का?" अलकनंदाबाईंनी मान न वळवता विचारलं.

"वळू नका," हिंमतराव म्हणाले.

"अहो, गारठले मी."

"अजून थोडं. वळू नका."

खंडेराव जवळ आले. त्यांनी हिंमतरावांच्या हातातला फोन हळूच खाली घेतला. "फोटो कधीच निघालाय," ते म्हणाले. अलकनंदाबाई वळल्या तेव्हा त्या अलकनंदाबाईच होत्या. हिंमतरावांनी बसकडे पाठ केली आणि स्मारकाचा शिलालेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

पाच वाजता, परतीच्या बसमध्ये, त्यांनी नेहमीचा मजकूर पाठवला आणि खाली फोटो जोडला. १७.०२, रवाना.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हिंमतराव पाच वाजता पाठवत राहिले. गिरिजा फोन उचलेना, शांतारामही उचलेना. खंडेराव म्हणाले, "नेटवर्क असेल." मग म्हणाले, "किंवा..."

चौथ्या दिवशी दुपारी हिंमतराव ताट वाढून घेणार इतक्यात फोन वाजला.

"काका, गिरिजा बोलतेय. आजी बऱ्या आहेत. पण रागावू नका. त्यांना माहीत आहे."

हिंमतराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. "कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. त्यांनी ओळखलं. जूनमध्येच."

"जूनमध्ये? फोटो तर आत्ता पाठवला."

"फोटोचं नाही. कोंबड्यांवरून."

पलीकडे गिरिजानं नाक ओढलं. रडत होती की हसू आवरत होती, ते कळेना.

"काका, कोंबडी म्हणजे तुम्ही. म्हणजे तुमची कटकट. आत्यांचं आणि आजींचं ठरलेलं होतं. ज्या दिवशी तुम्ही जास्त कटकट कराल, त्या दिवशी जास्त कोंबड्या. गप्प असलात तर एक. तारेचं ऑफिस कायमचं बंद झालं ना, त्या दिवशी नऊ होत्या म्हणे. आजी दिवसभर हसत होत्या."

"आणि मी रोज तीन पाठवल्या."

"हो ना. आजी मला म्हणाल्या, आठ दिस झालं, तीनच. माणूस रोज सारखीच कटकट करतो व्हय? हा हात माझ्या पोरीचा न्हाई." गिरिजा थांबली. "त्या दिवशी त्यांनी चुलीमागच्या भिंतीवर कुंकवानं काढलेला देव पुसून टाकला आणि भांडी घासत बसल्या. मला म्हणाल्या, कुणाला बोलू नगंस."

"मग त्या आठ महिने उत्तरं कशाला देत होत्या?"

"खुणा करून विचारलं मी. म्हणाल्या, त्याला वाटतंय मला ठावं न्हाई, तर वाटू दे. त्याचं पाच तरी वाजत्यात."

हिंमतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आत्यांचा न पाहिलेला एखादा शेवटचा फोटो तुमच्याकडे असेल असं वाटलं, म्हणून त्यांनी मागितला होता. हा बघितला आणि तीन दिवस उठल्याच नाहीत," गिरिजा म्हणाली. "आम्हाला वाटलं, गेल्या. आज उठल्या, अंघोळ केली. म्हणाल्या, फोटू नगं म्हणावं. आणि ती कोण बाई असंल तिला सांग, अंगात लोकरीचं घालत जा, खांदं आखडल्यात तिचं."

फोन ठेवल्यावर हिंमतराव तिथंच बसून राहिले. वाढायला काढलेलं ताट कोरडंच राहिलं. सकाळचा कुकर गार झाला होता. त्यातला भात त्यांनी कावळ्यांसाठी गॅलरीत ठेवला आणि पुन्हा येऊन स्टुलावर बसले. पावणेपाचला खंडेरावांनी खालून हाक मारली. त्यांनी खिडकीतून हातानंच नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा शब्दाशिवाय कळवलं, आणि खंडेरावांना ते कळलंही.

पाचला दोन मिनिटं कमी असताना सुनंदाबाईंचा फोन थरथरला. आजवर तिकडून आधी कधी काही आलं नव्हतं. तिकडून नेहमी उत्तर यायचं.

दोनच चित्रं होती. एक टक्कल पडलेला म्हातारा. त्याच्या शेजारी भाताची वाटी. जेवलात का, एवढं तर शब्दातल्या माणसालाही कळत होतं.

हिंमतरावांनी खिशातला कागद काढला. घडीवर फाटत आला होता. त्यांनी तो उलगडला नाही, डायरीत ठेवून दिला. मग चष्मा लावून फोनवर शोधून भाताची वाटी दाबली. बोट कोंबडीवर गेलं. तिथं जरा रेंगाळलं. घरात ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे आज कटकट झालेली नव्हती. त्यांनी बोट उचललं आणि एवढंच पाठवलं.

१७.००, रवाना, असं त्यांनी लिहिलं. आणि मग लक्षात आलं की आपण जेवलेलो नाही. एकोणचाळीस वर्षांत हातून खोटा मजकूर गेला नव्हता. गेल्या आठ महिन्यांत रोज गेला होता, पण तो दुसऱ्याच्या नावानं. आजचा स्वतःच्या नावानं होता.

हिंमतराव उठले, डबा उघडला आणि तांदूळ धुवायला घेतले.