मामा माझ्याभोवती फिरायचे

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. स्वतःचे दुर्गुण झाकून गोष्ट सांगणे मला जमत नाही, म्हणून आधीच कबूल करते: मी फार मत्सरी आहे.

कारखान्यात मला भक्कम लोखंडी बूड, लाल रेक्झिनची बैठक आणि पोटात एक फिरता दांडा मिळाला. एका बोटाने ढकलले तरी मी गर्रकन फिरत असे. मला विकत घेणाऱ्या कारागिराला सगळे मामा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीनदा फिरवले आणि मामींना म्हणाले, "बघ, आली आपली राणी!"

मामी म्हणाल्या, "राणी कसली, सवत आहे माझी." त्या दिवसापासून आमचे काही पटले नाही.

वर्षे गेली. लादी धुताना उडणारे पाणी माझ्या पोटात मुरले आणि दांडा गंजला. मामा म्हणायचे, "उद्या तेल घालतो." तो उद्या काही उगवला नाही. मी फिरेनाशी झाले, तसे मामाच माझ्याभोवती फिरू लागले. खरे सांगू? मला ते फार आवडले. गिऱ्हाइकाला वाटे, मामा त्याच्याभोवती फिरतात. त्याला काय कळतेय!

माझ्या उजव्या बाजूला भिंत आणि हात धुण्याचे बेसिन, तिथे उभे राहायला जागा नाही. म्हणून मामा डावीकडे उभे राहून, सगळा भार उजव्या पायावर टाकून, उजवा खुबा माझ्या डाव्या हातावर दाबून पलीकडचे केस कापत. तिथले रेक्झिन झिजून कापड दिसू लागले होते. ती झिजलेली जागा मी दागिन्यासारखी मिरवत होते.

मग एके सकाळी दुकानाची पायरी चढताना मामा कळवळले. उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येत होती. त्या कुशीवर झोपवत नव्हते. एका गिऱ्हाइकाने बसल्या बसल्या निदान केले, "मामा, सांधा गेला तुमचा. बदलावा लागणार."

मामांचा चेहरा उतरला. "उभंच राहता आलं नाही, तर या हातांनी दुसरं काय करू?" ते म्हणाले.

आणि माझ्या वैरिणी एकेक करून आल्या. आधी आली काठी. मामा तिला सारखे हातात धरत, आणि वर तिला अडकवायला माझीच पाठ! ती सटकून पडली की मला गुदगुल्या होत. मग आली बर्फाची पिशवी. मामी ती टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे खुब्यावर धरत. घरी झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवतात, हेही कानावर आले. म्हणजे उशीचासुद्धा उपयोग, आणि मी नुसता ठोकळा!

डॉक्टरांनी सुजेवरच्या गोळ्या आणि आठ दिवस विश्रांती दिली. मामांना आराम पडला. नवव्या दिवशी ते आले आणि नेहमीच्या जागी टेकले. मी मनात म्हटले, शेवटी माझ्याकडेच आलात ना! कामावर आल्यापासून तिसऱ्याच दिवशी दुखणे परत आले.

तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतःच दुकानात आल्या. "मामा, रोज करता तसंच करून दाखवा," त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक म्हणून मामी बसल्या. मामांनी कात्री उचलली आणि सवयीने माझ्यावर रेलले.

"थांबा! हलू नका." बाईंनी माझ्या झिजलेल्या जागेवर बोट ठेवले. "सांधा चांगला आहे हो तुमचा. खुब्याच्या हाडावर बाहेरून पाण्याची एक लहानशी पिशवी असते, घासू नये म्हणून. दिवसभर तिलाच दाबताय. सुजणार नाही तर काय होईल?"

"म्हणजे सांधा बदलायला नको?"

"ही उभं राहायची पद्धत बदला. आणि काठी डाव्या हातात धरा, दुखऱ्या बाजूला नको."

मामी टुणकन उठल्या. "मी सांगत नव्हते? काढून टाका हिला!"

मित्रांनो, मी लाजेने अर्धी झाले. ज्याला मी प्रेम समजत होते, तेच माझ्या माणसाला दुखवत होते.

मामांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "तिचा काय दोष? तेल मी घातलं नाही."

मामींनी माझ्याकडे एकदा रागाने पाहिले आणि तडक घरी गेल्या. परत आल्या त्या शिवणयंत्राची तेलाची कुपी घेऊन. पदर खोचून त्यांनी माझ्या पोटात तेल सोडले. सलग चार दिवस सोडले. पाचव्या दिवशी मी कुरकुरत का होईना, पण फिरले.

मामांना बरे व्हायला दोन महिने लागले. आता ते दोन्ही पायांवर सारखा भार देतात आणि मधूनमधून चाकांच्या नव्या स्टुलावर बसून काम करतात. त्या स्टुलाचा मला अजून राग येतो. पण सकाळी मामा माझी पाठ धरूनच पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम करतात. तेव्हा स्टूल कोपऱ्यात बसून बघते.

माझ्या हातावरची झिजलेली जागा आता रिकामीच असते. मित्रांनो, तेल उद्यावर टाकू नका, आणि दुखणेही. आपले माणूस आपल्यावर रेलले, तर फुशारून जाण्याआधी त्याला कुठे दुखते का ते बघा. मी बघितले नाही.

पुष्कळ वर्षे मामा माझ्याभोवती फिरले. आता ते जागेवर थांबतात, एका बोटाने मला ढकलतात, आणि मी फिरते.