कर्ता एकवचनी

धाकट्याने वही वहिनीच्या हाताखालून ओढली आणि पेन्सिलीने अख्खं पान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोडलं.

"तीन आठवडे झाले. आजच्या गोष्टीला 'वेंट' कोण लिहितं?"

वहिनीने वही परत आपल्याकडे फिरवून घेतली, पान उलटलं आणि पट्टीने नवा समास आखायला घेतला. तिचं हे न बोलणंच धाकट्याच्या डोक्यात जायचं. उलट उत्तर दिलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

थोरला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होता. नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. आधी बायकोला, ती परीक्षेत दोनदा नापास झाली तर सख्ख्या भावाला. पहिल्या खेपेला वहिनी इंग्रजीत अडकली. धाकटा कॉलेजात इंग्रजीत पहिला आलेला, आणि आता एकतिसाव्या वर्षी कुरिअरच्या गोदामात पाकिटांवरचे पत्ते वाचून ती वेगवेगळ्या पोत्यांत टाकत होता. वहिनीचा निकाल कळला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मला दिली असती ही जागा, तर एव्हाना रुजू झालो असतो."

आईने त्यालाच कामाला जुंपलं.

"तूच शिकवायचंस हिला. आणि ही परत नापास झाली तर लोक कोणाकडे बोट दाखवतील, ते मी सांगायला नको."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसत. धाकटा इतका ओरडायचा की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. 'ए' कुठे आणि 'द' कुठे, यावर दहा दिवस गेले. एकदा वहिनीनेही पेन खाली ठेवलं.

"मी नापास झाले तर नोकरी तुम्हालाच मिळणार आहे, भाऊजी. मग घसा कशाला कोरडा करता?"

"मठ्ठपणा बघवत नाही म्हणून," तो म्हणाला.

मग कर्ता आणि क्रियापदाचा धडा निघाला. त्या दिवशी धाकटा वेळेआधीच येऊन बसला होता. त्याने कोरा कागद घेतला, खुर्ची थोडी पुढे ओढली.

"हे बघा. नामाला एस लागला की अनेकवचन. क्रियापदाला एस लागला की एकवचन."

"हे तर उलटंच झालं."

"उलटंच आहे. सगळे इथेच फसतात." आवाज चढला नव्हता. त्याने ठळक अक्षरांत वाक्य लिहिलं, 'द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स', आणि मॅनेजरच्या पुढच्या शब्दांवर तळहात ठेवला. "झाकलं ते विसरा. उरलं कोण?"

"मॅनेजर."

"एकटाच ना? मग 'इज'."

"पण माणसं तर दोन-चार आहेत."

"असू देत. क्रियापद साहेबाचं ऐकतं, त्याच्या मागून आलेल्यांचं नाही." आपल्याच बोलण्यावर धाकटा हसला. त्या टेबलाशी तो पहिल्यांदाच हसत होता.

तो धडा आठ दिवस चालला. 'ईच' आला, 'नायदर' आला. वहिनीने एकच शंका चार-चारदा विचारली आणि त्याने चारही वेळा समजावून सांगितलं. एकदा स्वतःसाठी चहा करताना त्याने दुसरा कप तिच्या पुढे सरकवला. वहिनीने कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. चहा गार होईपर्यंत ती लिहीत राहिली. सरावाचे सगळे प्रश्न तिने बरोबर सोडवले. नवव्या दिवशी पुढचा धडा सुरू झाला आणि शेजाऱ्यांची खिडकी पुन्हा लागली.

परीक्षेचा निकाल महिन्याने आला. पास व्हायला पन्नास गुण हवे होते. वहिनीला सेहेचाळीस मिळाले.

आई भांडी विसळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"शेवटी केलंस ते."

"आई, मी काहीही..."

"तोंड वर करून बोलू नकोस. माझ्या पोटचा आहेस, मी ओळखते तुला."

धाकटा चपला घालून निघालाच होता. तेवढ्यात वहिनी खोलीतून बाहेर आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलेली तिची उत्तरपत्रिका तिने टेबलावर पसरली.

"आई, त्यांनी चुकीचं काही शिकवलं नाही. मीच उलटं लिहून आले."

धाकट्याने कागद ओढून घेतला. कर्ता-क्रियापदाचे सहा प्रश्न होते. सहाच्या सहा चुकलेले.

"सगळेच?"

"सगळेच."

"सरावात तर एकही चुकत नव्हता!"

"तुमच्यासमोर तुम्ही सांगाल तसं लिहीत होते."

"मग तिथे जाऊन काय झालं?"

वहिनी शांतपणे म्हणाली, "बाकीचं तुम्ही ओरडून शिकवलंत. तेव्हा खोटं वाटलं नाही कधी. हे मात्र गोड बोलून शिकवलंत. चहा दिलात. ऐकायला नियमही उफराटा. पुस्तकात बघावं, तर मागची उत्तरांची पानं फाडलेली."

"रद्दीतून आणलं होतं ते. पानं नव्हतीच."

"असेल."

आईने नळ बंद केला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी पदराला हात पुसून तिने तो कागद जवळ घेतला, पाहिला, आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं, धाकट्याच्या नावाने. सोबत संमतीचा फॉर्म होता. त्यावर थोरल्याच्या बायकोची सही हवी होती. धाकट्याने तो दोन दिवस कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी वहिनीनेच मागितला, उभ्याउभ्या सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"एक विचारू, भाऊजी? खरं सांगाल?"

"विचारा."

"मला चुकीचं शिकवावं, असं कधी मनात आलं होतं?"

शाई केव्हाच वाळली होती. तरी धाकटा त्या सहीवर फुंकर घालत राहिला.

"आलं होतं," तो म्हणाला. "तो धडा सुरू केला, त्याच्या आदल्या रात्री."

वहिनीने पेनाला टोपण लावलं.

"मग मी अगदीच चुकले नाही," ती म्हणाली, आणि टेबलावरची आपली वह्या-पुस्तकं गोळा करू लागली.