दाट होत गेलेली धार

मी एक जुना कूलंटचा नळ आहे. मित्रांनो, न्हाणीघरातला नव्हे. धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनच्या खांद्यावर बसलेला. कटर फिरू लागला की त्याच्या दातांवर मी तेल-पाण्याची दुधी धार धरतो. ॲल्युमिनियम हा मऊ, मायाळू धातू. पण तापला की कटरला मेणासारखा चिकटतो. त्याला गार ठेवायचं, एवढंच माझं काम.

आमचं मशीन भाची चालवायची. तिला हे काम तिच्या मामांनी शिकवलं. तेच आमचे फोरमन. तिच्या हातून उतरलेला भाग असा लखलखायचा, की मालक त्यात बघून भांग पाडायचे. त्या कौतुकाचे चार शिंतोडे माझ्याही अंगावर उडायचे.

टाकीत तेल किती, पाणी किती, हे मामा बोट बुडवून ठरवत. पातळी उतरली की आणखी तेल-पाणी कालवून ओतत. पण मित्रांनो, उडून जातं ते पाणी. तेल मागेच राहतं. त्यात पुन्हा तेल! माझ्या घशातून उतरणारी धार आठवड्या-आठवड्याला दाट होत होती. मला कळत होतं, पण सांगू कसं? नळाला तोंड असतं, जीभ नसते.

भाचीच्या बोटांना भेगा पडल्या.

"मामा, हात नुसते भाजतात हो."

"अगं, तुझे हात लोण्याचे! मी तीस वर्षं बुडवतोय."

"तुमचं कातडं मगरीचं!"

दोघं हसले. पण भेगांतून रक्त आलं तेव्हा मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बंद केलं आणि नुसत्या हवेची नळी लावली. खोल खाचेतला चुरा हवेनं निघेना. तो कटरच्या दातांत बसला आणि कटर तुटला. मग तेलाचं बारीक धुकं उडवून पाहिलं. भाग झकास निघाले, पण भाचीला खोकला लागला.

"आता?" मालकांनी विचारलं.

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "नळच चालू करू. पोरीला पॅकिंगला बसवतो."

"खोकी भरायला शिकवलंत का मला, मामा?"

मामांनी स्वतःच्या हातानं मला उघडलं. दोष धारेचा नव्हता, दाटपणाचा होता. आणि मी तस्साच दाट वाहिलो.

भाचीचे हात आता बरे झालेत. समोरच्या टेबलाशी ती खोकी भरते. एखादा भाग उजेडात धरते, कडेवरून अंगठा फिरवते, आणि कागदात गुंडाळून टाकते. मशीनकडे बघत नाही.

मित्रांनो, हे मिश्रण मोजायची एक छोटी दुर्बीण मिळते. तिच्या काचेवर एक थेंब टाकायचा, डोळ्याला लावायची. तेल जास्त की कमी, ते रेघ सांगते. आमच्या कपाटात ती आहे, वेष्टनसुद्धा न फोडलेली. दुखणाऱ्या माणसाला कामावरून उठवण्याआधी एकदा टाकी मोजून बघा हो. भाचीच्या जागी आलेला नवा कारागीर कालपासून मनगट खाजवतोय. त्यानं आत्ताच बटण दाबलं. मला वाहावंच लागेल.