कोरडा वाडगा

"मामा, चिठ्ठी पाहुणीची निघाली. मेलो आम्ही," वर्कशॉपच्या दारात प्रकल्पगटाचा कप्तान धापा टाकत म्हणाला.

मामांनी फडक्याला हात पुसले आणि ते त्याच्यामागून परीक्षेच्या खोलीकडे निघाले. तंत्रविद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये त्यांची एकतीस वर्षे गेली होती, महिनाअखेरीला निवृत्ती. नियम त्यांना पाठ होता. प्रकल्प चौघांचा, पण परीक्षेत चिठ्ठी टाकून एकालाच पुढे बोलवायचे. त्याने पंप खोलायचा, जोडायचा, चालवायचा. तो नापास तर चौघेही नापास.

गटातल्या या मुलीला 'पाहुणी' हे नाव कप्तानानेच ठेवलेले. तिने पाना उचलला की कोणीतरी म्हणायचे, "दे इकडे, वेळ जातोय." तिच्या वाट्याला स्लाइड आल्या.

"वीस मिनिटं," परीक्षक म्हणाले. "बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही."

तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरले. सुटेल तो भाग डावीकडून उजवीकडे, ओळीने. ही मामांची पद्धत. दरवर्षी गटातला रिकामा हात हेरून त्याला काम शिकवायचे, हीदेखील त्यांचीच. गेले पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत ती कुठे जाते, हे गटात कोणी विचारले नव्हते.

पंपातला पंखा बसवून झाला. मग तिने गळती अडवणारे सील उचलले आणि पालथे करून बसवले.

"उलटं बसवतेय," कप्तान पुटपुटला. "वर्ष पाण्यात."

"पंपवाल्यांचं आणखी कुठे जाणार?" शेजारचा भिडू कुजबुजला.

परीक्षकांनी नुसते वर पाहिले.

दोन मिनिटे उरली. दहा नंबरच्या पान्याने तिने शेवटचा बोल्ट आवळला आणि बटण दाबले. पंप घरघरला, खोकला, आणि नळीतून चढलेले पाणी वरच्या टाकीत धो धो कोसळू लागले. गटातली चौथी टाळ्या विसरून खुर्चीवरच चढली.

कप्तान मात्र पंपाखाली वाकला होता. गळती थांबत नाही म्हणून तिथे दोन महिने वाडगा ठेवलेला. पाच मिनिटांत त्याचा तळ बुडायचा. परीक्षकांनी पंप दहा मिनिटे चालू ठेवला. कप्तानाने वाडग्यात बोट फिरवले. कोरडा.

परीक्षकांनी चौघांपुढे एकच आकडा लिहिला. चांगला होता.

"सील उलटं होतं, हे आधी का नाही सांगितलंस?" बाहेर येताच कप्तानाने विचारले.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, तू स्लाइड बघ."

त्याने मान खाजवली. "मग आता सांग. पहिल्यापासून."

संध्याकाळी मामा हत्यारांच्या फळीपाशी आले. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती. सगळ्या भरल्याशिवाय त्यांनी कधी कुलूप लावले नव्हते. आज दहा नंबरची जागा रिकामी होती. खिडकीबाहेर पायरीवर ती बसली होती, हातात पाना. तिघे भोवती वाकलेले.

मामांनी फळीकडे एकदा पाहिले, दिवा मालवला आणि कुलूप लावले.