चार दिवस लपवलेलं कोपर

मुलांनो, असं समजा की तुम्ही सोळा वर्षांचे आहात. उजवा हात मांडीवर आहे आणि कोपरात, आतल्या बाजूला, कुणीतरी बारीक तार ओढतंय. समोर ताटात उकडून कुस्करलेली केळी आहेत, वर तळलेलं चीज आणि लाल कांदा. काटा उजव्या हातानंच उचलायला हवा. डाव्यानं उचललात तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

दार्लिननं उजव्यानंच उचलला.

सान पेद्रो शहराच्या बाहेर, उसाच्या मळ्यांना लागून, आमच्या बेसबॉल संघाची अकादमी आहे. छत्तीस मुलं तिथंच राहतात. सकाळी मैदान, दुपारी माझा वर्ग. ही संघानं स्वतः वाढवलेली मुलं. पण दर वर्षी त्यांतली काही घरी पाठवली जातात. त्याची यादी लागत नाही. नाश्त्याच्या वेळी खेळ शिकवणारे लेओकादियो मास्तर मागून येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बूट घेऊन ऑफिसात ये." त्यामुळे नाश्त्याला बसलेल्या सगळ्या मुलांच्या माना खांद्यांत गेलेल्या असतात.

त्या सकाळी तो हात दार्लिनच्या खांद्यावर पडला.

घास तोंडातच राहिला.

"आज संघाचे वरचे साहेब बघायला येणार आहेत," मास्तर म्हणाले. "पहिला चेंडू तू टाकायचास." आणि ते पुढे गेले.

"श्वास घे रे, मेलास का?" शेजारचा एउदिस म्हणाला. तो दार्लिनचे चेंडू झेलणारा कॅचर, खोलीतला सोबती. "मी तर खूश झालो होतो. खिडकीजवळचा पलंग मला मिळाला असता."

दार्लिन हसला नाही. एउदिसनं आवाज खाली आणला. "चार दिवस झाले, तू डाव्या हातानं दात घासतोस. मास्तरांना सांग."

"आणि नेल्सिदोसारखा घरी जाऊ? खांदा दुखतो म्हणाला, आणि आता मोटरसायकलवर सवाऱ्या पोचवतोय."

"त्याला खांद्यामुळे नाही काढलं, गाढवा. त्याला वळणारा चेंडू दिसतच नव्हता. स्वयंपाकीणबाईंनासुद्धा माहीत होतं."

"तुला काय जातंय बोलायला? कोपर माझं आहे."

मलाही हे कळायला हवं होतं. त्या आठवड्यात वर्गात त्याचं अक्षर वेडंवाकडं येत होतं. मला तो आळस वाटला, आणि मी त्याला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. त्यानं निमूटपणे लिहिलं. त्याची अजून मला लाज वाटते.

मैदानावर जाळीमागे चार खुर्च्या मांडल्या होत्या. एका साहेबाच्या हातात वेग मोजायचं यंत्र होतं. दार्लिन मातीच्या उंचवट्यावर चढला. दहा चेंडू टाकायचे होते. पहिला गेला. दुसरा गेला. यंत्रावरचा आकडा बघून साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्याला कोपरातली तार ताणली गेली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपीचा पुढचा भाग खाली ओढून त्यानं चौथा टाकला, मग पाचवा.

सहावा हातातून निसटला आणि थेट जाळीवर आदळला. बाकावरची मुलं हसली.

"साहेबांना मारतोस का रे?" मास्तर ओरडले.

एउदिस उठून उंचवट्यावर आला. तोंडापुढे हातमोजा धरून, दार्लिनच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "करंगळी हलव."

"आणखी चारच आहेत."

"हलव म्हटलं ना."

दार्लिननं हलवायचा प्रयत्न केला. करंगळी हलली नाही. तिच्या शेजारचं बोटही नाही. ती दोन बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी लोंबत होती. इतके दिवस त्याला घरी जायची भीती होती. आताची भीती वेगळीच होती. ही बोटं परत आलीच नाहीत तर?

"मी सांगू?" एउदिसनं विचारलं.

"नको."

एउदिस परत गेला, जागेवर उकिडवा बसला, पण हातमोजा त्यानं उघडलाच नाही. मिटलेला मोजा गुडघ्यावर ठेवून तो नुसता बघत राहिला.

"टाक की!" मास्तर म्हणाले. "काय पुतळा झालास?"

आमच्या खेळात चेंडू टाकणारा आपणहून मैदान सोडत नाही. समोरच्यांनी त्याचे चेंडू कितीही टोलवू देत, मास्तर चालत येतात, तळहात पुढे करतात, तेव्हाच चेंडू त्यांना द्यायचा असतो. न मागता देणारा मुलगा मी अठरा वर्षांत एकही पाहिला नव्हता.

दार्लिन उंचवट्यावरून खाली उतरला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मास्तरांपर्यंत चालत गेला. मास्तरांनी हात पुढे केला नव्हता. त्यानं त्यांचं मनगट धरलं, तळहात वर केला आणि त्यावर चेंडू ठेवला.

"मास्तर, माझी दोन बोटं हलत नाहीत," तो म्हणाला. "चार दिवस मी खोटं बोलतोय."